मांडीवर बसून ऐकायची गोष्ट

दीड-दोन वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही, धड एका जागी बसताही येत नाही. मग त्याला वाचनालयात नेऊन करायचे काय? चेन्नईच्या टी. नगरमध्ये दर शनिवारी चिमुकल्यांसाठी 'गोष्टीचा अर्धा तास' घेणाऱ्या एका मराठी गृहिणीचे हे अनुभवाचे बोल.

शनिवारी सकाळी साडेदहाला टी. नगरच्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते. पाँडी बझारपासून उस्मान रोडपर्यंत साड्या, दागिने आणि भांड्यांच्या खरेदीला सारे चेन्नई लोटलेले असते. त्याच वेळी एका आडगल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या छोट्याशा खासगी वाचनालयात, सतरंजीवर बारा-तेरा बाळे आपापल्या आईच्या, आजीच्या किंवा आजोबांच्या मांडीवर येऊन बसतात. सर्वांत धाकटे सव्वा वर्षाचे, सर्वांत मोठे तीन वर्षांचे. दाराशी चपलांचा ढीग, कोपऱ्यात पाण्याच्या बाटल्या आणि माझ्या पुढ्यात एक कापडी पिशवी.

त्या पिशवीत काय आहे, यावर सगळ्यांचे डोळे खिळलेले असतात. ज्या शनिवारची हकिकत मी सांगणार आहे, त्या दिवशी पिशवीत एक मोठी लाकडी फणी होती, लाल रिबिन होती, घट्ट झाकणाची खोबरेल तेलाची बाटली होती आणि खाली येताना कोपऱ्यावरच्या फूलवालीकडून घेतलेली मोगऱ्याची वेणी होती. विषय होता 'केस'.

पण हा विषय सुचायच्या आधी मी एकदा चांगलीच तोंडावर आपटले होते. ती गोष्ट आधी सांगते.

माझी पहिली फजिती

यजमानांची बदली पुण्याहून चेन्नईला झाली आणि आम्ही टी. नगरमध्ये राहायला आलो. मला तमिळ येत नव्हते, वेळ मात्र भरपूर होता. जवळच्या वाचनालयात जाऊन मासिके चाळणे हा माझा विरंगुळा. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी एक दिवस विचारले, "लहान मुलांना गोष्टी सांगाल का?" मी हौसेने होकार दिला. भाचरांना गोष्टी सांगून झोपवण्यात माझा हातखंडा होता. त्यात कठीण ते काय?

महिना जुलैचा. आपल्याकडच्या सवयीने मी 'पाऊस' हा विषय ठरवला. बेडकाची एक लांबलचक गोष्ट तयार केली. वीस मिनिटे तरी चालली असती. पाचव्या मिनिटाला एक बाळ रांगत जाऊन खालच्या फळीवरची पुस्तके ओढू लागले. दुसऱ्याने माझ्या हातातल्या पुस्तकाचा कोपरा तोंडात घातला. दोघे रडू लागले. त्यांच्या आया ओशाळून "गप्प बस, ऐक" म्हणून दटावू लागल्या. तेवढ्यात एका अडीच वर्षांच्या मुलीने खिडकीकडे बोट दाखवून तमिळमध्ये काहीतरी विचारले आणि सगळे मोठे लोक हसले. मी अर्थ विचारला. ती म्हणत होती, "पाऊस कुठे आहे?"

बाहेर रणरणते ऊन होते. चेन्नईचा मुख्य पाऊस येतो ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, परतीच्या वाऱ्यांबरोबर. हे मला तोवर ठाऊकच नव्हते!

सगळे गेल्यावर ग्रंथपाल बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमची गोष्ट छान होती. पण ती तुम्ही मुलांना सांगत होता की त्यांच्या आयांना?" त्या एका प्रश्नाने माझे डोळे उघडले.

विषय कशासाठी?

या वयाच्या मुलांना कथानक कळत नाही. 'आधी असे झाले, म्हणून नंतर तसे झाले' ही साखळी त्यांच्या हाती अजून यायची असते. त्यांना हवा असतो ओळखीचा आवाज, ओळखीची वस्तू आणि पुन्हा पुन्हा येणारा तोच शब्द. मोठ्यांना कंटाळा आणणारी पुनरुक्ती हीच त्यांची मेजवानी. एकच पुस्तक दहादा वाचायला लावणारे मूल हट्टी नसते, ते दर वेळी त्यातून थोडे थोडे आपलेसे करत असते.

म्हणून एका शनिवारी एकच विषय. तोच शब्द पुस्तकातल्या चित्रात येतो, बोटांच्या खेळात येतो, गाण्यात येतो आणि शेवटी वस्तू होऊन मुलाच्या हातात येतो. घरी गेल्यावर आई वेणी घालायला बसली की तो पुन्हा भेटतो. विषयाचे काम माहिती देण्याचे नाही. अर्ध्या तासात ऐकलेला शब्द घरापर्यंत पोहोचवणे, एवढेच त्याचे काम.

त्यामुळे विषय निवडताना मी आता एकच कसोटी लावते. ही गोष्ट मुलाच्या अंगावर, घरात किंवा गल्लीत आहे का? नाक, पाऊल, चप्पल, आंघोळ, केळे, कावळा हे विषय उत्तम चालतात. आमच्या टी. नगरला मोठे बस-आगार आहे आणि मांबलम स्टेशनवरून लोकल गाड्यांची ये-जा असते, म्हणून 'बस' आणि 'आगगाडी' हे विषय हमखास रंगतात. जानेवारीत पोंगलच्या सुमारास मडके, ऊस आणि उतू जाणारे दूध. 'पाऊस' मी पुढे नोव्हेंबरमध्ये घेतला. त्या दिवशी मुले ओल्या छत्र्या घेऊनच आली आणि मला काही समजावून सांगावे लागले नाही. 'जंगल' आणि 'अवकाश' हे विषय दिसायला झकास, पण ते चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी राखून ठेवावेत.

अर्ध्या तासाचा हिशेब

अनुभवाने जो क्रम बसला आहे तो सांगते. तुम्हाला तो घरीही वापरता येईल.

पहिली पाच मिनिटे स्वागताची. दर वेळी तेच गाणे आणि त्यात प्रत्येक मुलाचे नाव. आपले नाव ऐकताच बाळाचा चेहरा कसा फुलतो ते पाहण्यासारखे असते. गाणे रोज बदलू नये. तेच ऐकून मुलांना कळते की आता गोष्ट सुरू होणार.

मग पहिले पुस्तक. पानावर एक मोठे चित्र आणि एखादी ओळ, याहून जास्त नको. पुस्तक छातीशी, चित्रे मुलांकडे करून धरायचे आणि आपण बाजूने पाहून वाचायचे. हे आरशासमोर दोनदा करून पाहावे, नाहीतर आपलाच हात चित्रावर येतो. पाठीमागे खिडकी नसावी, कारण उजेडामुळे मुलांना पान दिसत नाही. पान उलटायची घाई करू नये. मूल बोट दाखवील, हुंकार देईल, त्याला सवड द्यावी.

त्यानंतर हालचाल. टाळ्या, बोटांचे खेळ, उठणे-बसणे. 'केस' या विषयाला आम्ही हाताच्या बोटांची फणी केली आणि आधी स्वतःचे, मग मांडीवर घेणाऱ्याचे केस विंचरले. अंगातली रग जिरली की मुले दुसऱ्या छोट्या पुस्तकाला तयार होतात. ते पुस्तक पहिल्याहूनही लहान असावे.

शेवटची दहा मिनिटे पिशवीची. एकेक वस्तू बाहेर येते, तिचे नाव घेतले जाते आणि ती हातोहात फिरते. इथे सावधगिरी हवी. या वयात हातातली वस्तू तोंडात जातेच. म्हणून मुलाच्या मुठीपेक्षा लहान वस्तू, मणी, बटणे, फुगे पिशवीत ठेवत नाही. मोगऱ्याची वेणी मी मोठ्यांच्या मनगटाला बांधते. मुलांनी फक्त वास घ्यायचा.

आणखी दोन नियम. पंधराच्या वर मुले नकोत आणि प्रत्येकाबरोबर एक मोठे माणूस हवेच. मुलाला सोडून खरेदीला जायची सोय इथे नाही. एखादे मूल उठून फिरू लागले तर त्याला फिरू द्यावे. पाठमोरे असले तरी ते ऐकत असते. रडूच लागले तर बाहेर जाऊन पुन्हा यावे, कुणी रागावत नाही. नियम खरे तर मोठ्यांसाठीच आहेत. मोबाईल पिशवीत आणि मांडी मोकळी!

मोबाईलचा उल्लेख मुद्दाम केला. जेवताना मोबाईल दिल्याशिवाय तोंड उघडत नाही, ही तक्रार मी दर आठवड्याला ऐकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालच्या मुलांना पडद्यासमोर बसवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांनाही दिवसाला एका तासापेक्षा जास्त वेळ बसवू नये. पडदा बोलतो, पण मुलाने हुंकार दिला तर थांबत नाही. मांडीवर घेऊन वाचणारे माणूस थांबते. फरक इथेच आहे.

गुळगुळीत डोके

आता त्या 'केसां'च्या शनिवारकडे वळू. सगळी तयारी झाली होती आणि दारातून पावणेदोन वर्षांचा एक मुलगा आला तो चक्क गोटा करून! घरचे सगळे तिरुपतीला जाऊन कालच परतले होते. डोक्याला चंदन फासलेले. माझ्या पोटात धस्स झाले. आता 'तुझे केस कुठे आहेत?' हे गाणे कसे म्हणायचे?

त्याच्या पाट्टीने, म्हणजे आजीने, माझी अडचण ओळखली. तिने नातवाचा हात धरून त्याच्याच डोक्यावरून फिरवला आणि म्हणाली, "मोट्टै!" तमिळमध्ये मुंडन केलेल्या डोक्याला मोट्टै म्हणतात. मुलगा खुदकन हसला. मग आळीपाळीने सगळ्या मुलांनी त्या गुळगुळीत डोक्याला हात लावला आणि नंतर आपल्या डोक्याला. केस म्हणजे काय, हे इतके सोपे करून मला कोणत्याच पुस्तकातून सांगता आले नसते. तो मुलगा त्या दिवशीचा राजा ठरला.

घरात कोणती भाषा बोलायची?

त्या दिवशी सतरंजीच्या टोकाला एक नवे आजोबा बसले होते. कोल्हापूरहून दोन महिन्यांसाठी मुलाकडे आलेले. मांडीवर अडीच वर्षांचा नातू. सुनेची ऑफिसची घाई, म्हणून आजोबा त्याला घेऊन आले होते. आजोबांना इंग्रजीची सवय नाही आणि नातवाशी घरात फक्त इंग्रजीत बोलायचे असा दंडक. शाळेतल्या प्रवेशाच्या वेळी मुलगा अडखळू नये, दोन-तीन भाषांनी त्याचा गोंधळ होऊ नये, असे कुणीतरी सुनबाईंना सुचवले होते. हेतू चांगला होता. पण त्यामुळे आजोबा आणि नातू एका घरात राहून मुके झाले होते.

आमच्या वाचनालयात एक पद्धत आहे. पिशवीतून वस्तू निघाली की प्रत्येक मोठ्या माणसाने आपल्या भाषेत तिचे नाव सांगायचे. कुणी 'मुडी' म्हणाले, कुणी तेलुगूत 'जुट्टु', कुणी हिंदीत 'बाल'. आजोबांची पाळी आली. ते सुनेच्या सूचनेने बिचकले होते. हळूच म्हणाले, "केस."

मग मी 'एकी दोकी' काढले. एक केसाची बहीण आणि दोन केसांची बहीण यांची ही आपली मराठी लोककथा. संध्या राव यांनी ती पुन्हा सांगितली, रंजन डे यांनी चित्रे काढली आणि चेन्नईच्याच तूलिका प्रकाशनाने ती छापली. १९९६ साली सुरू झालेली ही संस्था मुलांची चित्रमय पुस्तके मराठीसह अनेक भारतीय भाषांत काढते. पूर्ण गोष्ट तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी आहे. मी फक्त चित्रे दाखवून, एक बोट वर करून 'एक केस' आणि दोन बोटे वर करून 'दोन केस' इतकेच मराठीत म्हणत गेले. सगळी सतरंजी बोटे नाचवू लागली.

इतक्यात मागून एक म्हातारा आवाज माझ्याबरोबर मराठी बोलू लागला! कांजीवरम साडीतल्या एक आजी, ज्यांना मी कित्येक आठवडे तमिळच समजत होते. त्यांचे घराणे तंजावरकडचे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर आणि त्यांच्या मागून जी मराठी कुटुंबे तमिळ मुलखात आली, त्यांच्या वंशजांपैकी त्या एक. त्यांची मराठी जुन्या वळणाची, तमिळ हेल असलेली, पण मला ती पुरती समजत होती. कार्यक्रम संपल्यावर आजोबांनी त्यांना नवलाने विचारले, "इतक्या पिढ्या झाल्या, तुम्ही भाषा टिकवली कशी?"

आजी म्हणाल्या, "टिकवली कुणी? घरात बोलत होतो, म्हणून राहिली. शाळेत कधी शिकलो नाही. शाळेत तमिळ, दारात तमिळ, चुलीपाशी ही."

त्या आजींनी शाळेची भाषा चांगली आत्मसात केली होती आणि घरची सोडली नव्हती. दोन किंवा तीन भाषा कानावर पडल्याने मुलाचे बोलणे खुंटत नाही, असेच आज भाषातज्ज्ञ सांगतात. सुरुवातीला मूल एका वाक्यात दोन भाषा मिसळते, हे स्वाभाविक आहे. मात्र दोन वर्षांचे झाल्यावरही मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल किंवा हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, तर भाषेला दोष देत बसू नये. डॉक्टरांना दाखवावे आणि कान तपासून घ्यावेत. लवकर कळले तर पुष्कळ करता येते.

तंजावरचा वारसा

तंजावर आणि मुलांची मराठी पुस्तके यांचे नाते फार जुने आहे. सरफोजीराजे दुसरे यांनी तंजावरला छापखाना सुरू केला आणि तिथे १८०६ साली 'बालबोधमुक्तावली' हे पुस्तक छापले गेले. सक्खण पंडितांनी केलेला हा इसापनीतीचा मराठी अनुवाद. मराठीतल्या छापील बालसाहित्याची सुरुवात याच पुस्तकापासून मानतात. म्हणजे मुलांसाठी मराठी गोष्टी पहिल्यांदा छापल्या गेल्या त्या पुण्या-मुंबईत नव्हे, तर तमिळ मुलखात!

वाचनालयांच्या बाबतीतही हा मुलूख पुढेच राहिला. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन याच तंजावर जिल्ह्यातले, शियाळीचे. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. लंडनला त्यांना शिकवणारे बर्विक सेयर्स हे बालग्रंथालयांचे मोठे जाणकार होते. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यातले एक सांगते की प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे. त्याच वर्षी मन्नारगुडीत बैलगाडीतून खेडोपाडी पुस्तके नेणारे फिरते वाचनालय सुरू झाले. स्वतंत्र भारतातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९४८ साली मद्रास प्रांतातच झाला. महाराष्ट्राचा १९६७ सालचा.

'प्रत्येक वाचकाला' यात अजून वाचता न येणारा वाचक धरायचा की नाही? माझ्या मते धरायलाच हवा. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला १९९२ साली तान्ह्या बाळांच्या पालकांना पुस्तके भेट देण्याचा उपक्रम सुरू झाला. आपल्याकडे तर गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी त्याच्या कितीतरी आधी बालशिक्षणात गोष्टीला मानाचे पान दिले होते.

तुमच्या गावातही होईल

महाराष्ट्रात गावोगावी सार्वजनिक वाचनालये आहेत. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी बालविभागही आहे, पण तो वाचता येणाऱ्या मुलांचा. तिथे आठवड्यातून अर्धा तास मागून घ्या. लागते काय? एक सतरंजी, एक पिशवी, मोठ्या चित्रांची चार-पाच पुस्तके. माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' ही छोटी पुस्तके घरातल्या माणसांविषयी आहेत. 'आजी', 'आजोबा' हे विषय घ्यायला ती फार उपयोगी पडतात. पुस्तके फाटतील, चघळली जातील. त्यासाठी जाड पुठ्ठ्याची घ्यावीत आणि थोडी फाडाफाड मनात धरूनच चालावे.

पहिल्या दिवशी दोनच मुले आली तरी नाराज होऊ नका. वार आणि वेळ मात्र बदलू नका. आवाज गोड नसला तरी चालतो. मुलांना गाण्यापेक्षा आपल्याकडे पाहून गाणारे माणूस आवडते.

त्या आजोबांचे पुढे काय झाले, हे विचाराल. ते नंतरचे सगळे शनिवार आले. तिसऱ्या आठवड्यात विषय होता 'आंघोळ', पण नातवाने पिशवीतून जुनी ओळखीची फणीच शोधून काढली, ती आजोबांच्या तुळतुळीत टकलावर ठेवली आणि विचारले, "आजोबा, केस?"

आजोबा म्हणाले, "गेले रे बाबा, कोल्हापूरला राहिले!"

हे मी संध्याकाळी सुनबाईंना सांगितले. त्या हसल्या आणि मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "काकू, मी त्याच्याशी मराठीत अंगाईसुद्धा म्हणत नव्हते. म्हटलं, सवय लागेल." आता त्या म्हणतात. शाळेची तयारीही चालू आहे. आजोबा कोल्हापूरला परतले आहेत. जाताना त्यांनी 'एकी दोकी'ची एक प्रत बरोबर नेली. एक प्रत इथे, एक तिथे. रोज रात्री फोनवर आजोबा वाचतात आणि नातू इकडे पान उलटतो. कधी कधी तो दोन पाने एकदम उलटतो. मग आजोबांना थांबून विचारावे लागते, "कुठं आलास रे?"